दोन पडदे, एक मन

एका टेबलावर संगणकाचे दोन पडदे शेजारी शेजारी मांडून काम करण्याची पद्धत आता कचेऱ्यांपुरती राहिलेली नाही. ती घरात आली आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांचे घर म्हणजे एक खोली व तिला लागून स्वयंपाकाची जागा. त्या खोलीतल्या टेबलावर डावीकडच्या पडद्यावर पोटाचे काम असते आणि उजवीकडच्या पडद्यावर गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची सामग्री उघडलेली असते. पूर्वी गाणे मुद्रित करावयाचे तर स्टुडिओत जाऊन तासांवर पैसे मोजावे लागत. आता एक मायक्रोफोन, त्याला संगणकाशी जोडणारी एक छोटी पेटी आणि कानांवरचा हेडफोन एवढ्यावर भागते. ही सोय चांगली आहे. परंतु प्रत्येक सोयीबरोबर एक प्रश्न येतो, व तो विचारून घेणे शहाणपणाचे असते. प्रश्न असा की, एकाच माणसाने एकाच वेळी काम आणि गाणे अशी दोन्ही समोर उघडी ठेवावीत काय? आणि ठेवली, तर त्यात कोणाचे काही बुडते काय?

हा प्रश्न हवेतला नाही हे समजण्यासाठी सुरतेतील लिंबायत भाग डोळ्यांसमोर आणावा. उधना आणि डिंडोली यांच्या शेजारचा हा कामकऱ्यांचा दाट वस्तीचा भाग. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून ताप्तीच्या खोऱ्यातील रेल्वेने आलेली मराठी कुटुंबे येथे पिढ्या काढीत आहेत. त्यांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत, आणि गल्लीत मराठीबरोबर अहिराणीही कानी पडते. आजोबा मागावर, वडील भरतकामाच्या यंत्रावर आणि नातू संगणकावर साडीचे नमुने करणारा, हा क्रम येथे कोणाला नवलाचा वाटत नाही. नातवाच्या कामाला ‘पंचिंग’ म्हणतात. साडीच्या काठाचे वा पदराचे चित्र संगणकावर घ्यावयाचे, आणि सुई कोठे शिरेल, कोणत्या दिशेला जाईल, धागा कोठे तुटेल व रंग कोठे बदलेल हे एकेक टाका करून यंत्राला सांगावयाचे. या कामाला दोन पडदे खरोखरीच उपयोगी पडतात. एकावर मूळ चित्र राहते, दुसऱ्यावर टाके. असा एखादा तरुण रात्री घरी काम करतो आणि त्याच टेबलावर दुसऱ्या पडद्यावर शब्बाथ शाळेच्या मुलांसाठी गाण्याची चाल बसवतो, असे समजू या. त्याला आपण काय सांगणार?

पुष्कळजण सांगतील की, काम करताना गाणे ही तर आपली जुनीच रीत आहे. हे खरे आहे. जात्यावर बसलेल्या बायका दळता दळता ओव्या म्हणत. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि घरात राबताना त्यांना गाणी सुचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी व एका नातलगाने ती टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली ती पुस्तकरूपाने निघाली. ज्या मुलखातून लिंबायतची माणसे आली त्याच मुलखातली ही बाई. तेव्हा काम व गाणे यांचे वैर आहे असे आपण तरी म्हणू शकत नाही.

तथापि जाते आणि टेबल यांत एक फरक आहे, तो लक्षात घेतला पाहिजे. जात्याचा खुंटा हाताला ठाऊक असतो. दाणे घालावयाचे, फिरवावयाचे, पुन्हा घालावयाचे. या कामाला मनाचा फार थोडा भाग लागतो. उरलेले मन ओवीला मोकळे असते, आणि जात्याची घरघर ओवीला ठेका देते. म्हणजे काम गाण्याला धरून ठेवते व गाणे कामाचा शीण हलका करते. पंचिंगच्या कामात हाताला काही ठाऊक नसते. तेथे प्रत्येक टाक्याला डोळा आणि बुद्धी लागते. ध्वनिमुद्रणालाही तेच लागते, वर कानही लागतात. दोघांनाही मनाचा तोच भाग हवा असतो, आणि तो भाग एकच आहे.

येथे कोणी म्हणेल की यंत्राचा आणि गाण्याचा मुळातच काही संबंध नाही, म्हणून हे भांडण आहे. इतिहास तसे सांगत नाही. फ्रान्समधील लियाँ शहरी जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पत्त्यांवर चालणारा माग तयार केला. ‘जेकार्ड’ हे नाव सुरतेत लहान मुलालाही माहीत आहे, ते त्याच्यावरून पडले. जाकारचे चित्र रेशमात विणले गेले तेव्हा त्यासाठी सुमारे २४,००० पत्त्या लागल्या होत्या. त्या चित्राची एक प्रत इंग्लंडातील चार्ल्स बॅबेज याने मिळवली. गणित करणाऱ्या यंत्राची योजना आखताना त्याने पत्त्यांची कल्पना मागावरूनच घेतली. त्या यंत्रावर १८४३ साली टिपणे लिहिणाऱ्या एडा लव्हलेस या विदुषीने दोन गोष्टी नमूद करून ठेवल्या. माग जसा फुले-पाने विणतो तसे हे यंत्र बीजगणिताचे नमुने विणील, ही एक. आणि स्वरांचे परस्परसंबंध यंत्राला समजतील अशा रीतीने मांडता आले तर ते संगीतही रचू शकेल, ही दुसरी. म्हणजे माग, संगणक आणि संगीत यांची सोयरीक पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. भरतकामाचे नमुने करण्याला ‘पंचिंग’, म्हणजे भोके पाडणे, हे नाव राहिले तेही त्या पत्त्यांच्या आणि फितींच्या काळापासून. तेव्हा लिंबायतमधल्या एका टेबलावर साडी व गाणे शेजारी आले यात विपरीत काही नाही. भांडण यंत्रात नाही. ते वापरणाऱ्याच्या ध्यानात आहे.

पडद्यांची संख्याही येथे महत्त्वाची नाही. मागाच्या खात्यात एक कारागीर अनेक मागांवर नजर ठेवून फिरतो. त्याला आपण चंचल म्हणत नाही. त्याचे माग अनेक असले तरी काम एक आहे: तार कोठे तुटली ते पाहावयाचे, सांधावयाची व पुढे जावयाचे. तसेच एका पडद्यावर मूळ चित्र व दुसऱ्यावर टाके ठेवणाऱ्याचे काम एक आहे. एका पडद्यावर गाण्याचे निरनिराळे पट्टे आणि दुसऱ्यावर त्यांचे आवाज कमीजास्त करण्याच्या खुंट्या ठेवणाऱ्याचेही काम एकच आहे. अशा ठिकाणी दुसरा पडदा मनाला मदतच करतो, कारण वारंवार खिडक्या उघडझाक करण्याचा त्रास वाचतो. प्रश्न तेव्हा उद्भवतो, जेव्हा दोन पडद्यांवर दोन निराळी कामे असतात आणि आपण दोन्ही एकदम करीत आहो असे आपल्याला वाटते.

असे वाटणे हा भास आहे. मन अशा वेळी दोन कामे करीत नाही, ते इकडून तिकडे उड्या मारते, आणि प्रत्येक उडीत मागे काही तरी सांडते. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली याविषयी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पहिले काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला, तर त्याच्या ध्यानाचा काही अंश पहिल्यातच अडकून राहतो व दुसरे काम खालावते, असे तिला आढळले. स्वयंपाकघरात दूध तापत ठेवून दाराशी बोलत उभ्या राहिलेल्या कोणाही गृहिणीला यात नवीन काही वाटणार नाही. परंतु दूध उतू गेले तर ते दिसते. मनाचे उतू जाणे दिसत नाही, म्हणून तेथे अधिक जपावे लागते.

आता काय बुडते ते पाहू. माझ्या समजुतीप्रमाणे येथे तीन ऋणे आहेत.

पहिले ऋण ज्याचे काम आहे त्याचे. एका भरतकामाच्या यंत्राला अनेक हेड असतात, आणि नमुन्यात एक टाका चुकला की तो सर्व हेडांखालच्या कापडावर एकदम चुकतो. पंचिंग करणाऱ्याचे क्षणभर दुसऱ्या पडद्याकडे गेलेले ध्यान कारखान्यात कोणाच्या तरी कापडाचे नुकसान होऊन बाहेर पडते, आणि पुष्कळदा त्याचा बोल यंत्रावरच्या कारागिराला लागतो, ज्याचा त्यात काही दोष नसतो. तथापि येथे एक भेद करावा लागतो. भरतकामाच्या धंद्यात हजार टाक्यांमागे अमुक दर अशी रीत आहे. जो असा नगावर काम करतो त्याने आपले काम विकले आहे, तास विकलेला नाही. त्याने मध्येच उठून अर्धा तास गाणे केले तर तो कोणाचे काही घेत नाही, फक्त नमुना निर्दोष व वेळेवर दिला पाहिजे. जो महिन्याच्या पगारावर ठरलेल्या तासांसाठी आहे त्याने मात्र ते तास विकले आहेत. त्या तासांत दुसरा पडदा गाण्यासाठी उघडणे म्हणजे दिलेली वस्तू गुपचूप परत घेणे होय. मग गाणे कितीही पवित्र असो. देवाचे गाणे आहे म्हणून धन्याचा तास घेण्यास हरकत नाही, हा विचार आपल्या मंडळ्यांत कधी कधी ऐकू येतो. दुसऱ्याच्या पैशाने केलेल्या दानासारखाच तो आहे.

हा नियम एकतर्फी नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. जो मालक कामाचे तास संपल्यावर रात्री दहाला निरोप पाठवून ताबडतोब उत्तराची अपेक्षा करतो, तोही न विकलेला तास घेतो. पडद्यामुळे कामाला घरात शिरण्याची वाट मिळाली, तशी विश्रांतीला बाहेर जाण्याचीही मिळाली. तास कोणाचा आहे हा प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

दुसरे ऋण गाण्याचे. गाणे ही कानाची वस्तू आहे. परंतु संगणकावर ध्वनिमुद्रण करताना आवाजाच्या लाटा डोळ्यांना दिसतात, आणि दिसू लागले की डोळा कानाला हुकूम करू लागतो. १९७६ साली हॅरी मॅकगर्क व जॉन मॅकडॉनल्ड यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला ‘बा’ हा आवाज ऐकवला आणि त्याच वेळी ‘गा’ म्हणणारे ओठ दाखवले, तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू आला. म्हणजे डोळा कानाला प्रत्यक्ष निराळे ऐकावयास लावतो. यास्तव ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्यांत एक चांगली सवय सांगितली जाते: तयार झालेले गाणे तपासताना पडदा बंद करावा, किंवा पाठ फिरवून बसावे, आणि केवळ ऐकावे. एक पडदा उघडा असताना जर कान असा फसतो, तर शेजारच्या पडद्यावर उद्या सकाळी द्यावयाचा साडीचा नमुना वाट पाहत असताना काय होत असेल? गाणारा शब्द म्हणतो पण त्याचा अर्थ त्याच्या मनातून जात नाही. मुले ते गाणे शिकतील, पाठही करतील, आणि त्यातले उणेपण त्यांना शब्दांत सांगता आले नाही तरी जाणवेल. चाल बिनचूक आहे, पण म्हणणारा तेथे नव्हता.

तिसरे ऋण घरच्या माणसांचे, आणि याचा विचार सर्वांत कमी होतो. ध्वनिमुद्रणाला शांतता लागते. मायक्रोफोन पंख्याची घरघर टिपतो, कुकरची शिट्टी टिपतो, बाळाचे रडणे टिपतो. म्हणून एका खोलीच्या घरात गाणे मुद्रित करावयाचे तर पंखा बंद होतो, आई गॅस बंद करते, लहान भावंडांना पुस्तके घेऊन दाराबाहेर ओट्यावर धाडले जाते. सुरतेच्या मे महिन्यात पंखा बंद करणे म्हणजे काय, हे तेथे राहणाऱ्यास सांगावयास नको. ही शांतता कोणी तरी देतो तेव्हा ती मिळते. चार मिनिटांच्या गाण्यात घरातील चार माणसांची चार चार मिनिटे असतात, आणि गाणे पाचदा चुकले तर तेवढी पटीने वाढतात. आता हा गाणारा जर मध्येच दुसऱ्या पडद्यावर कामाचा निरोप वाचू लागला, आणि सारे घर श्वास रोखून घामात बसले असेल, तर त्याने केवळ आपले ध्यान वाया घालवले असे होत नाही. दुसऱ्यांनी प्रेमाने दिलेली शांतता त्याने सांडली.

या सर्व म्हणण्यावर एक आक्षेप येईल, व तो वजनदार आहे. एकाग्रता ही सवड असणाऱ्यांची चैन आहे, असे कोणी म्हणेल. ज्याला स्वतंत्र खोली आहे, ठरलेले तास आहेत, त्याने खुशाल एका वेळी एक काम करावे. दिवसाचे बारा तास काम करणाऱ्या तरुणाला गाण्यासाठी निराळा वेळ कोठून आणावयाचा? त्याने दोन पडद्यांवर दोन कामे केली नाहीत तर गाणे होणारच नाही.

या आक्षेपाला उडवून लावता येत नाही. ज्याच्याजवळ वेळ थोडा आहे त्याला उपदेश करणे सोपे असते. म्हणून दोन धन्यांचे प्रसिद्ध वचन त्याच्या तोंडावर फेकणेही बरोबर नव्हे. ते वचन निष्ठेविषयी आहे, देव की धन याविषयी आहे. एका माणसाने दोन उद्योग करू नयेत असा त्याचा अर्थ असता तर पौलाने तंबू केलेच नसते. करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तो तंबूचे काम करी आणि दर शब्बाथ दिवशी सभास्थानात वादविवाद करी, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. त्यात दोन्ही कामांना आपापली वेळ दिसते. हाताला काम होते म्हणून त्याची सेवा कमी प्रतीची ठरली नाही.

तेव्हा या तरुणाला आपण गाणे सोड असे सांगू नये, आणि दुसरा पडदा विकून टाक असेही सांगू नये. त्याला एवढेच सांगावे की, थोडा वेळ असला तरी तो अखंड ठेव. तीन तास दोन्ही पडद्यांमध्ये उड्या मारीत घालवण्यापेक्षा अडीच तास नमुना व अर्धा तास गाणे असे केले, तर त्या तिघांचेही देणे फिटते. अर्ध्या तासात एक कडवे होईल, पण ते होईल. कामावरून गाण्याकडे वळताना, काम कोठे थांबले व उद्या कोठून सुरू करावयाचे हे कागदावर दोन ओळींत टिपून ठेवावे. लरॉय यांच्या पुढील संशोधनात अशा टिपणाचा उपयोग दिसून आला आहे. मन कागदावर भार टाकते व मोकळे होते. नंतर तो पडदा केवळ झाकू नये, बंद करावा. गाण्याची वेळ घरच्यांना विचारून ठरवावी, म्हणजे शांतता त्यांच्याकडून घेतली असे न होता त्यांनी दिली असे होईल. आणि ज्या दिवशी काम इतके आहे की अर्धा तासही उरत नाही, त्या दिवशी नमुना करता करता साधे गुणगुणावे. मुद्रण करू नये. बहिणाबाईंनी तसेच केले, आणि गाणी हरवली नाहीत.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा विषय वर्गात घ्यावा असे मला वाटते, कारण आजच्या मुलांच्या हाती दुसरा पडदा टेबलावर येण्यापूर्वीच मोबाइलच्या रूपाने आला आहे. प्रवचन करण्याची गरज नाही. मुलांना एका हाताने पाटीवर बेरीज करावयास सांगावी व त्याच वेळी पाठ असलेले गाणे म्हणावयास सांगावे. नंतर तीच बेरीज व तेच गाणे एकामागून एक करावयास सांगावे, आणि दोन्ही वेळचे मिनिट मोजावे. निकाल मुलेच सांगतील. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा: पहिल्या वेळी बेरीज चुकली तर ती कोणाच्या हिशेबात चुकली? दुकानदाराच्या, आईच्या, की आपल्या?

वाचकहो, यंत्र आपल्याला किती पडदे देईल याला सीमा नाही. उद्या तीन येतील. मन मात्र मोजून एक मिळाले आहे, आणि ते ज्या क्षणी ज्याला द्यावयाचे कबूल केले, त्या क्षणी त्याचे असते: कधी धन्याचे, कधी गाण्याचे, आणि कधी पंखा बंद करून घामाघूम बसलेल्या आईचे. गाणे संपल्यावर त्या तरुणाने सर्वांत आधी काय करावे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर साधे आहे. त्याने उठून पंखा लावावा.